फाळक्यावरचं ओके

येडशीच्या चौकात दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एक सोलापूरहून येऊन बीडकडे जातो, दुसरा बार्शीहून लातूरला. चौपदरीकरणाच्या कागदांवर एका कामाचं नाव 'सोलापूर–येडशी' पडलं आणि पुढच्या 189 किलोमीटरचं 'येडशी–औरंगाबाद'. त्यामुळे दिल्लीतल्या एखाद्या टेबलावर येडशी म्हणजे सोलापूरच्या तोडीचं शहर असा समज झाला असेल, तर तो दूर करायला इथून कुणी गेलं नाही.

श्रावणातला मंगळवार होता. आदल्या दिवशीची रामलिंगची गर्दी ओसरली होती, नारळाच्या शेंड्या तेवढ्या मागे राहिल्या होत्या. माझी पुण्याची बस दोन तास उशिरा आहे असं कळलं होतं, म्हणजे अडीच. सोडायला मामा आले होते. मामांना गावात कुणी नावानं हाक मारत नाही, गुरुजी म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी मराठी शिकवली. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी ओळखीतली लग्नपत्रिका छापखान्यात जाण्याआधी त्यांच्या चष्म्याखालून जाते.

महामार्गाच्या कडेला, लिंबाखाली, त्यांच्याच एका विद्यार्थ्याचं पेंटिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. आत रेडियम कापायचं मशीन, बाहेर रंगाचे डबे. एका दहाचाकी ट्रकच्या फाळक्यासमोर तो उलट्या डब्यावर बसला होता. पिवळा फाळका, त्यावर खडू लावलेल्या सुतळीनं मारलेल्या दोन आडव्या रेघा. डाव्या अंगाला इंग्रजीत 'हॉर्न' झालेलं, उजवीकडे 'प्लीज' झालेलं, मधली जागा कोरी. मधल्या शब्दाला तो शेवटी हात घालतो. तो सगळ्यांत मोठा काढायचा असतो, आणि हात तापल्याशिवाय गोल नीट येत नाही म्हणतो.

गुरुजींनी उभ्याउभ्याच तपासणी सुरू केली.

गुरुजी : अजून हेच लिहितोस का रे? याला बंदी आहे ना?

पेंटर : हाय की. 2015 ला परिवहन आयुक्तांचा कागद निघालाय. हे वाचून मागचा उगंच हॉर्न वाजवतो म्हणे.

गुरुजी : मग?

पेंटर : मग काय. जिथं लिहिलेलं नाही तिथंबी वाजवायलेतच की. आन् ड्रायव्हर लोकांना ह्याच्याबिगर फाळका उघडा वाटतो.

गुरुजी : हॉर्न कळलं, प्लीज कळलं. मधल्या ओकेचं काय काम आहे? वाक्यात तो आहे कोण?

याची उत्तरं पेंटरकडे तीन होती, आणि तिन्ही त्याला ड्रायव्हरांनी दिलेली. दुसऱ्या महायुद्धात डिझेलची टंचाई होती, ट्रक रॉकेलवर पळायचे, रॉकेल भडकायचं, म्हणून मागच्यानं लांब राहावं यासाठी 'ऑन केरोसीन'ची दोन अक्षरं लिहीत, हे एक. मूळ शब्द 'ओव्हरटेक'चा आखूड केलेला होता, त्यातलं मधलं अक्षर पुसलं गेलं, हे दुसरं. आणि टाटांच्या तेल कंपनीचा 'ओके' नावाचा साबण होता, त्याची जाहिरात टाटांच्याच ट्रकच्या पाठीवर फुकटात फिरावी म्हणून, हे तिसरं. पुरावा एकालाही नाही. मला स्वतःला साबणाची गोष्ट खरी ठरावी असं फार वाटतं. ओव्हरटेकची मात्र पटत नाही. देशभरच्या सगळ्या फाळक्यांवरचं एकच अक्षर कसं पुसलं जाईल?

गुरुजी : म्हणजे ज्याचं काम कुणाला सांगता येत नाही, तो मधोमध आणि सगळ्यांत मोठा. ग्रामपंचायतीसारखं झालं हे.

पेंटर : (हसत) गुरुजी, तुमचा ओकेवर एवढा राग कामून हाय?

गुरुजी : राग नाही. आपल्याकडे 'ओक' हा धातू आधीपासून आहे, तेवढं पुरे होतं. बसे, उठे, हसे, तसं ओके. 'रात्री भजी खाऊन तो पहाटे ओके.' रीतिभूतकाळ.

पेंटरनं ब्रश फाळक्यापासून लांब धरला आणि पोटभर हसून घेतलं. मग गुरुजी मुद्द्यावर आले. ते येणारच होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली होती.

गुरुजी : हे बघ. मुलगी बघून आल्यावर 'पसंत आहे' म्हणायचं. अर्जावर 'मंजूर' लिहायचं. चूक असेल तर 'कबूल' करायची. मनात किंतु असून तयार झाला तो 'राजी' झाला. वाद घालून झाल्यावर म्हणायचं ते 'मान्य'. 'चालेल' म्हणजे याहून चांगलं मिळालं असतं तर घेतलं असतं. 'असू दे' म्हणजे माझं मन नाही, पण तुझ्याखातर. एवढी भांडी होती घरात, ज्याची त्याची जागा ठरलेली. आता सगळं एकाच घमेल्यात. मुलगी ओके, अर्ज ओके, भाजी ओके, ऑपरेशन ओके.

इथं मला राहवलं नाही. शहरात राहणाऱ्या भाच्याला मामाची एखादी चूक काढल्याशिवाय गावाला आल्यासारखं वाटत नाही.

मी : पण मामा, पसंत फारसी. मंजूर, कबूल, राजी तिन्ही अरबी, फारसीच्या वाटेनं आलेले. 'हो' म्हणायचे आपले अर्धे शब्द उसनेच आहेत.

गुरुजी : मला शिकवतोस? माझे वडील निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकले. सप्टेंबर 1948 पर्यंत इथल्या कचेरीचं कामकाज उर्दूत चालायचं. उसनं आणलं म्हणून मी कधी कुणाला हटकलं नाही. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो राज्य चालवायला. माधव जूलियनांनी 1925 ला फारसी-मराठी कोश केला आणि 1938 ला 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. म्हणजे आधी घर नीट बघितलं, मग झाडू घेतला. सावरकरांनी 'महापौर' दिला, तो राहिला. ओकेला पर्यायी शब्द द्यायला कुणी बसल्याचं मी काही ऐकलं नाही. द्यायचा तरी कशाला? माझं म्हणणं वेगळंच आहे. मंजूर आला, कबूल आला, त्यांनी आपापली खोली घेतली आणि गुण्यागोविंदानं राहिले. हा ओके प्रत्येक खोलीत शिरतो.

पेंटर : शिरू द्या की. घर मोठं हाय.

गुरुजी : घर मोठं आहे म्हणूनच खोल्या होत्या.

पेंटरनं यावर उत्तर दिलं नाही. त्यानं डबा ढवळला, ब्रशचं टोक डब्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी पुसून चपटं केलं आणि हवेतच एक गोल मारून बघितला. मी ती संधी साधून माझं ज्ञान पाजळलं.

शब्दांना सहसा जन्मतारीख नसते. ओकेला आहे: 23 मार्च 1839. त्या दिवशीच्या 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्रात तो छापलेला सापडतो. त्या काळी बोस्टनच्या संपादकांना एक खूळ लागलं होतं. शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि त्या अशुद्ध शब्दांची आद्याक्षरं थट्टेनं वापरायची. 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर, यातला 'ऑल' चुकवून त्यांनी 'ओ'नं लिहिला आणि 'करेक्ट' चुकवून 'के'नं. हे कोलंबिया विद्यापीठाच्या ॲलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसून 1963-64 मध्ये मांडलं. त्याआधी सव्वाशे वर्षं लोक नाना गोष्टी सांगत होते. अध्यक्ष वुड्रो विल्सन तर तो चॉक्टॉ आदिवासींचा शब्द आहे असं समजून कागदांवर वेगळ्या स्पेलिंगनं लिहायचे.

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गुरुजी : थांब, थांब. म्हणजे जगात 'बरोबर' म्हणून जो शब्द चालतो, तोच चुकीचा लिहिलेला आहे?

मी : मुद्दाम.

गुरुजी : मुद्दाम! (पेंटरकडे वळून) आणि तू नकळत करायचास, त्याला मी छड्या दिल्या.

पेंटर : बगा गुरुजी. बोस्टनात जन्मलो असतो तर संपादक झालो असतो.

मी : तो टिकला मात्र वेगळ्याच कारणानं. त्या खुळातली बाकीची आद्याक्षरं दोन-चार वर्षांत विरून गेली. 1840 ला मार्टिन व्हॅन ब्युरेन अध्यक्षपदासाठी दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणायचे. त्याचीही अक्षरं तीच. समर्थकांनी ओके नावाचे क्लब काढले, सभांत ओके ओरडले.

पेंटर : निवडून आले?

मी : पडले.

पेंटर : (एकदम उत्साहात) मग आपले शहाजीबापू? ओकेमुळं महाराष्ट्रभर झाले, आन् 2024 ला सांगोल्यात पडले. ह्या शब्दाचा गुण दिसतोय गुरुजी, उमेदवाराला लाभत नाही.

हा योगायोग माझ्याही ध्यानात आला नव्हता. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील 2022 च्या जूनमध्ये गुवाहाटीच्या हॉटेलात होते. गावाकडच्या एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना त्यांनी झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं कौतुक केलं आणि सगळं 'ओकेमधी' असल्याचं सांगितलं. ते संभाषण बाहेर आलं आणि दोन दिवसांत पोराटोरांच्या तोंडी बसलं. दोन महिन्यांनी विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी खोक्यांशी ओकेचं यमक जुळवलं. त्या घोषणेतल्या आरोपाचं जे व्हायचं ते होवो. यमकाला ओके इतक्या सहज सापडला, हे माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. परक्या शब्दाशी यमक जुळवताना जीभ जरा अडखळते. इथं ती अडखळली नाही.

पेंटर : आन् 'ओकेमधी' हे इंग्रजाला म्हणता येतंय का? नाही ना? मग झाला की आपला.

मला वाटलं गुरुजी आता उसळतील. पण ते विचारात पडले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्याला पुसला.

गुरुजी : यात मात्र तुझं काहीसं खरं आहे. आपल्याकडे माणूस आनंदी असतो त्याहून जास्त वेळा 'आनंदात' असतो. मजेत असतो. लग्न थाटात होतं, नवरदेव तोऱ्यात असतो, पोरगं झोकात चालतं, भजन रंगात येतं. मनाची अवस्था म्हटली की मराठी माणूस तिच्यात जाऊन बसतो. सप्तमी. शहाजीबापूंनी ओकेला त्या पंगतीत बसवला. 'त'च्या जागी 'मधी' जोडलं, एवढंच. व्याकरण चोख आहे.

पेंटर : म्हंजे पास?

गुरुजी : व्याकरणात पास. मी व्याकरणाची तक्रार केलेलीच नाही.

मराठीत शिरताना ओकेचा अर्थही चढत गेला, हे मला माझ्या बहिणीमुळे कळलं. ती न्यू जर्सीत नवीन होती. शेजारणीनं घरी केलेला केक दिला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, कसा झाला होता? बहिणीनं मनापासून, मान डोलावून सांगितलं, ओके. आपल्याकडे गाडीचं काम करून मिस्त्री 'एकदम ओके' म्हणतो तेव्हा त्यापुढे काही उरलेलं नसतं. तिकडे ओके म्हणजे खाण्याजोगा होता, एवढंच. मरणाचा वाईट नव्हता. त्या बाईनं पुढचे सहा महिने केक दिला नाही. हे मी सांगितलं तेव्हा पेंटर म्हणाला, तिनं 'एकदम' लावायला पाहिजे होतं. मला नाही वाटत उपयोग झाला असता.

गुरुजींना यातून त्यांच्या बाजूचा मुद्दा मिळाला.

गुरुजी : म्हणजे तिथं तो कोमट आहे आणि इथं कढत. एका शब्दाचे दोन भाव. मग ऐकणाऱ्यानं काय समजायचं? आमच्या लहानपणी इथं बार्शी लाइट होती. अडीच फुटी रूळ. 1897 ला बार्शीपर्यंत आलेली गाडी 1911 ला लातूरला पोचली. वडिलांबरोबर स्टेशनावर गेलो की मागचा गार्ड हिरवं निशाण दाखवायचा, पुढचा ड्रायव्हर उलट दाखवायचा, आणि वडील म्हणायचे, 'आलरैट झाली, आता सुटेल.' 'आलरैट' हा इंग्रजी शब्द. मी कधी त्याला नावं ठेवली नाहीत. कारण त्याला एक काम होतं, आणि दोन्ही बाजूंनी तो दिल्याशिवाय गाडी हलत नव्हती.

पेंटर : माझ्या मशीनचंबी तसंच हाय. अक्षर जुळवलं की इचारतं, कापू का? खाली दोन बटणं, ओके आन् कॅन्सल. एकदा एका टेम्पोसाठी 'आशीर्वाद'चं 'आर्शिवाद' करून ओके दाबलं. दोन मीटर रेडियम गेलं.

गुरुजी : आर्शिवाद! माझ्या वर्गात बसून!

पेंटर : पण मशीन काय म्हणलं नाही. ओके म्हणजे ओके.

बटणावर ओके कसा आला याचीही गोष्ट आहे. ॲपलच्या लिसा संगणकाची चाचणी चालू असताना त्या बटणावर आधी दुसरेच दोन शब्द होते, 'डू इट', म्हणजे 'कर'. अक्षरांमधली फट इतकी बारीक की लोकांनी दोन्ही शब्द जोडून 'डोल्ट' वाचलं. डोल्ट म्हणजे ढ. एक माणूस वैतागून म्हणाला, हे यंत्र मला ढ का म्हणतंय? तेव्हा तिथं ओके बसवला. पेंटरला ही गोष्ट त्या दुपारी सगळ्यांत जास्त आवडली. 'फट सोडायला पायजे होती,' असं तो धंद्यातल्या माणसाच्या दुःखानं म्हणाला.

एवढ्यात त्यानं 'ओ' काढायला घेतला. मी आजवर समजत होतो की गोल एका फटक्यात काढतात. तसं नसतं. करंगळी फाळक्याला टेकवून त्यानं आधी डावी कमान वरून खाली ओढली, श्वास रोखून. मग ब्रश उचलून, बोटांत फिरवून, उजवी कमान पुन्हा वरूनच खाली आणली. दोन्ही कमानी खाली जिथं भेटतात तिथं त्यानं ब्रश आडवा करून अलगद फिरवला, आणि सांधा नाहीसा झाला. तेवढा वेळ गुरुजीही गप्प होते. वर्गात मुलं फळ्यावर लिहीत असताना ते असेच गप्प राहत असतील.

गोल संपल्यावर ते म्हणाले,

गुरुजी : तुझ्या मशीनचं सोड. माणसाचं बघ. 2024 च्या डिसेंबरात रामलिंगच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला.

मी : टिपेश्वरहून आलेला.

गुरुजी : यवतमाळ जिल्ह्यातून पायी. मी आपल्या गल्लीच्या गटावर लिहिलं, 'दिवस मावळल्यावर व उजाडण्यापूर्वी कुणीही शेळ्या रानाच्या बाजूला नेऊ नयेत.' पंचवीस-तीस जणांनी ओके लिहिलं. मला वाटलं, चला, गाव शहाणं झालं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत त्यातलाच एक शेळ्या घेऊन निघाला.

पेंटर : (फाळक्याकडे बघत) तो मीच होतो.

गुरुजी : तूच होतास. म्हणून तर सांगतोय.

पेंटर : पण गुरुजी, मी ओके म्हणलो ते 'वाचलं' म्हणून. 'ऐकतो' असं कुठं म्हणलो?

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. हेच वाक्य कुणाच्या तरी तोंडून यावं म्हणून ते तासभर थांबले होते असं मला वाटलं.

गुरुजी : ऐकलंस? 'बरं' म्हणाला असता तर त्याला जाता आलं नसतं. 'बरं' म्हटलं की शब्द दिला. ओकेत नुसती पोच आहे. रजिस्टर टपालाची पोच असायची तशी. आतलं पत्र वाचून त्याचं काय केलं, ते पोस्टमनला विचारायचं नाही.

मग जरा थांबून, पिशवीचे बंद उगीच सोडून पुन्हा बांधत, त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मामींच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे. त्याबद्दल त्यांनी मुलाला पुण्याला मेसेज लिहिला. तारीख, डॉक्टर, किती दिवस डोळ्यात थेंब घालायचे, सोबत कोण राहणार, 'तुला रजा मिळत नसेल तर येण्याची घाई करू नकोस'. नऊ ओळी. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून पाठवला. उत्तर आलं, इंग्रजी दोन अक्षरं.

पेंटर : वाचलं असेल ना त्यानं नीट. म्हणून ओके.

गुरुजी : वाचल्याचं मला निळ्या खुणांनीच कळलं होतं.

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मामेभावाला मी ओळखतो. 'घाई करू नकोस' याचा अर्थ 'ये' असा होतो हे त्याला कळत असणार. कळून त्यानं ओके लिहिलं असेल, तर ते कुठल्या वाक्याला होतं, हे त्यालाच विचारावं लागेल. पेंटर मात्र इतका सहज सोडणारा नव्हता. त्यानं ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा केला, हात पुसले आणि गुरुजींच्या समोर येऊन उभा राहिला, वर्गात राहायचा तसा.

पेंटर : रागवू नका, पण एक सांगू का? तुम्ही 'बरं' म्हणायचात ना वर्गात, तवा आमच्या पोटात गोळा यायचा. गृहपाठ दाखवला आन् तुम्ही वही बघत 'बरं...' केलं की समजायचं, चूक सापडली. 'बरं?' म्हणलं की खोटं पकडलं. 'बरं बरं' म्हणलं की जा आता, डोकं खाऊ नको. 'बरं का' म्हणलं की परीक्षेत येणार. 'बरं तर' म्हणलं की घंटा होणार. आन् नुसतं 'बरं.' म्हणलं, असं तोंड मिटून, की उद्या बापाला घेऊन यायचं. एकच शब्द होता की तुमचाबी. खोल्या कुठं होत्या त्यात?

त्यानं प्रत्येक 'बरं' गुरुजींच्या आवाजात काढून दाखवला. शेवटच्याला तर मीसुद्धा सरळ उभा राहिलो.

गुरुजी : (हसू दाबत) पण तुम्हाला कळायचं.

पेंटर : कळायचं, कारण तुम्ही समोर उभे असायचात. मोबाइलवर नुसतं 'बरं' आलं असतं तर आम्हाला काय कळलं असतं? त्यालाबी मेसेज नका लिहू. फोन लावा, आन् तो 'ओके' म्हणल ते ऐका. कानाला कळतं.

गुरुजी : दिवसा तो मीटिंगमध्ये असतो.

पेंटर : मग रात्री लावा.

गुरुजी : रात्री तो दमलेला असतो.

पेंटर : बरं.

हा 'बरं' त्यानं कुणाच्या आवाजात काढला नव्हता. गुरुजींनी तो ऐकून घेतला आणि फाळक्याकडे बघत म्हणाले, 'तुझ्या केचा खालचा पाय आखूड पडणार आहे, जागा बघ.' पेंटरनं बघितलं. खरंच जागा कमी होती. त्यानं खडूची रेघ ओल्या बोटानं पुसून पुन्हा मारली आणि के काढला. तीन ओढी, पहिली सरळ, दुसरी वरून आत, तिसरी आतून बाहेर. आखूड पडला नाही.

तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर समोरच्या हॉटेलातून दात कोरत आला. तमिळनाडूकडचा होता, मराठीचं नाव नको, हिंदीही मोजकी. त्यानं लांबून बघितलं, जवळून बघितलं, अंगठा आणि बोट जुळवून गोल केला आणि गुरुजींकडे बघून हसला. तेच मालक असावेत असं त्याला वाटलं. गुरुजींनीही मान हलवली. ती मान हो म्हणणारी होती की नुसती पोच, हे मी विचारलं नाही.

बस अडीच तासांऐवजी पावणेतीन तासांनी आली. पिशवी गुरुजींनीच आत दिली. कंडक्टरनं डबल बेल मारल्यावर ते खिडकीशी चालत चालत म्हणाले, 'पोचलास की कळव.' मागे लिंबाखाली पेंटर ओकेच्या काळ्या अक्षरांना तांबडी शेड देत होता.

पुण्यात उतरायला रात्रीचे साडेदहा झाले. मी मामांना लिहिलं, 'सुखरूप पोचलो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येतो. दादालाही घेऊन यायचं बघतो.'

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'बरं.'

पुढे पूर्णविराम होता. मामा पूर्णविराम कधी विसरत नाहीत, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येईना. दिवा मालवून पडलो, मोबाइल पुन्हा उघडला, पेंटरच्या आवाजात एकेक म्हणून बघितला. तोंड मिटून म्हणायचा तो असेल, किंवा घंटेच्या आधीचा. किंवा पेंटरच्या यादीत नसलेला एखादा.